मला वळसा घालून जा

मी एक डांबराचा रिकामा ड्रम बोलतोय. नाक मुरडू नका. अकोल्यात जठारपेठेच्या पलीकडे आमची कॉलनी आहे. तिथं मला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही.

इथला रस्ता झाला तेव्हा पोटभर डांबर घेऊन मी आलो. मजुरांनी मला तापवलं, ओतलं आणि बाभळीखाली लोळवून दिलं. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची पऱ्हाटी होती. पुढे तिथं प्लॉट पडले, प्लॉटवर घरं आली, मग घरं पाडून उंच इमारती. गाड्या तर घरोघरी. अकोटकडचे ट्रकसुद्धा मोठा रस्ता सोडून आमच्यातून शॉर्टकट मारू लागले. मी गंजत गंजत सगळं बघत होतो.

पोस्टातून निवृत्त झालेल्या इंदूबाई आमच्या नागरिक समितीच्या अध्यक्ष. एका सकाळी चौकात एक ट्रक त्यांना इतका खेटून गेला, की पिशवीतली वांगी रस्त्यावर सांडली. मागच्या ट्रकनं वांग्यांचं जागेवरच भरीत केलं!

संध्याकाळी बैठक बसली. इंदूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा ड्रम चौकाच्या मधात ठेवू. वळाव लागलं का गाड्या आपोआप हळू होतीन."

चौकातले किराणा दुकानदार सूर्यभान उसळले. "अन् माह्या दुकानाले गिऱ्हाईक कसं येईन?"

"गिऱ्हाईक जित्तं राहिलं तर येईन ना!"

सगळे हसले, सूर्यभान सोडून.

मला घासलं, लाल-पांढरे पट्टे दिले, पोटात मुरूम भरला आणि चौकात उभं केलं. काय सांगू माझी ऐट! भलेभले माझ्यापाशी येऊन मुकाट ब्रेक दाबत. काही धडका बसल्या, पोचे पडले. पण माणसाच्या अंगावरचं माझ्या अंगावर गेलं, यातच मी खूश. गाड्या हळू झाल्या तशी लोकांची नजर सूर्यभानच्या दुकानाकडेही जाऊ लागली, गिऱ्हाईक वाढलं. मग रोज सकाळी दुकान पुसून झालं, की सूर्यभान तेच फडकं हळूच माझ्यावरून फिरवत. कुणी पाहिलं तर म्हणत, "धूळ उडते ना माह्या मालावर!"

एके दिवशी शाळा सुटायच्या सुमारास सरकारी ट्रक घेऊन एक साहेब आले. रस्त्यात अडथळा म्हणून त्यांच्या माणसांनी मुरूम उपसला आणि मला ट्रकमध्ये टाकलं. झालं! मधली जागा मोकळी दिसताच चारी बाजूंच्या गाड्या एकदम घुसल्या आणि चौक जाम. मला नेणारा ट्रकही त्यातच अडकला.

इंदूबाईंनी सूर्यभानच्या दुकानातली खुर्ची उचलली, माझ्या जागेवर मांडली आणि बसल्या. सूर्यभान त्यांच्यावर छत्री धरून उभे. इंदूबाई हात करत होत्या, गाड्या त्यांना वळसा घालत होत्या. बघता बघता गर्दी सुटली.

साहेब ट्रकमधून उतरले. "बाई, रस्त्यात बसू नका."

"मले हौस नाई. ड्रम ठेवा, मी उठीन."

"तो आमच्या घरचा हाये साहेब," सूर्यभान म्हणाले. मला तर भरूनच आलं.

साहेबांनी मोकळ्या झालेल्या चौकाकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. "उतरवा रे त्याला!"

शाळेतून सुटलेल्या पोरांनी अशा काही शिट्ट्या मारल्या म्हणता!

त्याच साहेबांच्या खटपटीनं जड वाहनांना बंदीची पाटी लागली आणि परवा चौकात पक्कं, हिरवळीचं सर्कल झालं. मग माझं काय? पलीकडच्या नव्या कॉलनीची माणसं मला मागायला आली आहेत. मला नवे पट्टे देऊन हातगाडीवर चढवलंय. इंदूबाई त्यांना बजावताहेत, "बराबर मधात ठेवजा. कोपऱ्यात टाकसान तर वापस घेऊन येईन!"

शहर वाढणारच, त्याला अडवणारा मी कोण? वाढू द्या, फक्त पायी चालणाऱ्याला जागा ठेवा. येतो मी.

हातगाडी हलली. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना सूर्यभान धावत आले आणि मागून ढकलू लागले. वळून गिऱ्हाइकाला ओरडले, "थांब जरासा! पोराले सोडून येतो."