वाटेच्या तोंडचा दगड

"वाटेची पहिली तीस पावलं नीट झाका," साहेब म्हणाले. "नजर आत गेली नाही की सायकलही जात नाही. पुढचं रान आपोआप घेईल."

हे त्याला सांगायची गरज नव्हती. सात डोंगरधारा, त्यांच्या कुशीत तीन जलाशय, आणि त्या धारांच्या अंगाखांद्यावरून फिरणाऱ्या सायकलींच्या अकरा वाटा. एकतीस वर्षांत यातली एकही वाट त्याच्या कुदळीला न विचारता वळली नव्हती. सायकलवाले त्याला 'वाटवाले काका' म्हणत. कार्यालयातही आता तेच नाव पडलं होतं.

साहेबांनी फाइलीतून कागद काढला. "अपघाताची चौकशी आटोपली. स्वाराने नको ते धाडस केलं, असा निष्कर्ष आलाय. वाटेच्या तोंडचा दगड जागेवर होता, ही तुमची जबानी. इथे सही करा. काम झालं की खाली तारीख टाका आणि कागद कार्यालयात आणून द्या."

त्याने सही केली. पेन परत देताना साहेब त्याच्या हाताकडे बघत म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका काका. तुमचा काय दोष? दगड होता ना जागेवर?"

"हो," तो म्हणाला.

साहेबांची गाडी उतारावरून खाली गेली. त्याने कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि कुदळ उचलली.

वाट मोडायची म्हणजे आधी तिची पाठ मोडायची. हजारो चाकांनी दाबून दाबून माती लोखंडासारखी झालेली असते. ती खणून भुसभुशीत करायची, तेव्हा कुठे गवताची मुळं आत शिरतात. मग फांद्या टाकायच्या. आडव्या नाहीत, पडल्यासारख्या. मुद्दाम टाकलेली फांदी माणूस उचलून बाजूला करतो, आपोआप पडलेलीला वळसा घालतो. ही वाट काढायला त्याला आणि त्याच्या बायकोला तीन वर्षं लागली होती. मोडायला चार दिवस पुरणार होते.

तेव्हा बायको रोजंदारीवर याच वनविभागात होती. पाऊस कोसळत असला की दोघं डोक्यावर घोंगतं घेऊन डोंगरावर जायची आणि पाणी कुठून उतरतं ते बघत उभी राहायची. कोरड्या दिवशी काढलेली वाट पहिल्याच पावसात वाहून जाते, हे तिनेच त्याला शिकवलं. कुदळ मारताना ती स्वतःच जुळवलेलं म्हणायची:

*एक घाव मातीचा गं, एक घाव दगडाचा,*
*पाण्याला आधी वाट, मग पाय माणसाचा.*

आता तिला त्याचं नाव आठवत नव्हतं. तो कोण, हे कधी आठवायचं, कधी नाही. पण हे दोन चरण तोंडात होते आणि ही वाट पायात होती. रोज संध्याकाळी ती घरातून निघायची. विभागाने दिलेलं दोन खोल्यांचं घर वाटेच्या तोंडापासून चाळीस पावलांवर होतं. तिथून ती आत शिरायची, सपाट खडकापर्यंत जायची, जिथे पूर्वी दोघं दुपारचं जेवायची, आणि तिथून वळून परत यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पायांना जे आठवतंय ते चालू द्या. घर बदलू नका, वाट बदलू नका. एवढंच औषध आहे."

आणि वाटेच्या तोंडाला होता दगड. गुडघाभर उंच, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. तो त्यानेच बसवला होता. सपाट खडकाच्या पुढे वाट कड्यावरून जायची. खाली जलाशय, वर कातळ, आणि मध्ये सायकलीच्या मुठी मावतील एवढीच जागा. ज्याला हा दगड चाक उचलून ओलांडता येत नाही, त्याला तो कडा झेपणार नाही. पाटी लोक वाचत नाहीत, दगड वाचावाच लागतो. कितीतरी जण दगडापाशी येत, शिव्या घालत आणि परत फिरत. शिव्या ऐकून तो घरात खुदकन हसायचा.

त्या परत फिरणाऱ्यांत एक होती दवाखान्यातली नर्स. पस्तिशीला आलेली, सायकल उशिरा शिकलेली. दर रविवारी सकाळी यायची, दगडापाशी थांबायची, एक पाय टेकून त्याच्याकडे नीट बघायची. मग घराच्या दिशेने ओरडायची, "आज नाही हो काका. पुढच्या रविवारी."

"दगड पळून जात नाही, बाई," तो आतून म्हणायचा.

"मीही नाही पळत."

ओट्यावर बसलेली बायको हे ऐकून टाळ्या वाजवायची. का, ते तिचं तिला ठाऊक.

पावसाळ्यानंतर बायको दोनदा त्या दगडाला अडखळून पडली. तिचे पाय आता उचलले जात नव्हते, घासत जायचे. दुसऱ्यांदा हनुवटी फुटली. शनिवारी दुपारी त्याने पहार घालून दगड उचकटला आणि झुडपामागे लोटला. त्या जागी लाल पाटी लावायची ठरवली: पुढे कडा आहे, कसलेल्यांनीच जावे. अक्षरं काढली, रंग दिला. पण रंगाच्या एकाच हातात फळी आतून दिसत होती, आणि अर्धवट काम त्याला आयुष्यात कधी खपलं नव्हतं. दुसरा हात रविवारी सकाळी द्यायचा, वाळला की दुपारी पाटी रोवायची.

रविवारी सकाळी तो परसात दुसरा हात देत होता. 'आज नाही हो काका' ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, आली नसेल.

तिला खालून, जलाशयातून, होडीने काढलं. वरच्या तोंडाकडे तासभर कोणी फिरकलंच नाही. त्या तासात त्याने दगड परत जागेवर लोटला. का लोटला, हे त्याला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: घर बदलू नका, वाट बदलू नका.

वाट मोडायच्या कामाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तो फांद्या टाकत असताना एक म्हातारा चढ चढून वर आला. बारीक अंगाचा, खांद्यावर कापडी पिशवी, गळ्यात मोजपट्टी. काढायची विसरला असावा.

"वाटवाले काका तुम्हीच का?"

"मीच."

"मी तिचा बाप." म्हातारा दम खात उभा राहिला. "शिंपी आहे मी. खाली बाजारात दुकान आहे. दगड बघायला आलो."

त्याने दगडाकडे बोट दाखवलं. दाखवायची गरज नव्हती. दगड समोरच होता. म्हातारा त्याच्यापुढे उकिडवा बसला. मोजपट्टी दगडाला लावली, मग लाज वाटल्यासारखी परत गुंडाळली.

"एवढाच?" तो म्हणाला. "तिच्या बोलण्यावरून मला वाटायचं, हत्तीएवढा असेल. घरी आली की त्याचंच पुराण. बाबा, आज अर्धं चाक चढलं. बाबा, आज बघूनच परत आले. मी म्हणायचो, अगं, दगडाशी कसली सोयरीक जुळवतेस?"

त्याने फांदी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सगळे म्हणतात, तिने धाडस केलं. दवाखान्यातल्या बायका, शेजारी, माझी बहीणसुद्धा. 'काय गरज होती तिला?' म्हणतात." म्हाताऱ्याने दगडाच्या बुडाशी बोट फिरवलं. "माझी पोरगी रस्ता ओलांडताना दोनदा उजवीकडे बघायची. इंजेक्शन द्यायच्या आधी नाव तीनदा विचारायची. लोक कंटाळायचे. ती धाडस करणारी नव्हती हो."

"माहीत आहे मला."

"त्या सकाळी तिचा निरोप आला होता फोनवर. मी मशीनवर होतो, संध्याकाळी वाचला." त्याने फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि हळूहळू वाचलं. "बाबा, काकांनी दगड काढलाय. म्हणजे आता पुढे जायला हरकत नसावी."

खाली जलाशयावर वारा सुटला होता. पाणी एकाच दिशेने सरकत होतं, सरकत होतं आणि कुठेच जात नव्हतं.

"साहेबांना दाखवला निरोप. ते म्हणाले, दगड जागेवर आहे, फोटो आहे, तिची काहीतरी समजूत झाली असेल. म्हणून म्हटलं, आपल्या डोळ्यांनी बघावं." म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं नाही, दगडाकडेच बघत राहिला. "उसवून परत शिवलेलं कापड कोणी आणलं की मला कळतं. सुई त्याच भोकातून घातली तरी कळतं. ह्या दगडाचं शेवाळ बघा. इतर दगडांवर डोंगराच्या बाजूला आहे, ह्याच्यावर उन्हाच्या."

त्याने हातातली फांदी खाली ठेवली.

"मी काढला होता," तो म्हणाला. "शनिवारी. नंतर परत ठेवला."

म्हाताऱ्याने दगडावरचा हात काढून घेतला. मग एवढंच म्हणाला, "का?"

त्याने घराकडे बघितलं. बायको ओट्यावर बसून मांडीवरच्या फडक्याची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. हनुवटीवरची पट्टी इथूनही दिसत होती. काय झालं ते त्याने सांगितलं; पाटीचं, दुसऱ्या हाताचंही सांगितलं. सांगताना ते सगळं फार लहान वाटलं.

"हे वर सांगितलंत तर?"

"घर जाईल. नोकरीबरोबरचं आहे. आणि तिला हे घर सोडून..." त्याने वाक्य सोडून दिलं.

म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठला. पिशवी खांद्यावर नीट केली.

"मी सांगा म्हणत नाही. नका सांगू, असंही मला म्हणता येत नाही. माझ्यात तेवढं नाही." मग तो म्हणाला, "तिचा तुमच्यावर विश्वास होता. दगड होता तेव्हाही, नव्हता तेव्हाही. ती तुमचं ऐकून गेली. एवढं लोकांना कळलं असतं तर मला दुकानात बसता आलं असतं."

आणि तो उतरायला लागला. त्याची मोजपट्टी वाऱ्यावर पाठीमागे उडत होती.

चौथ्या दिवशी काम संपलं. तीस पावलं झाकली गेली. एकतीस वर्षांतलं सगळ्यात चोख काम. त्याला स्वतःलाही वाट शोधावी लागली असती. त्याने दगडावर बसून खिशातला कागद उघडला. खाली तारीख टाकली. मग स्वतःच्या सहीखाली, जेवढी जागा उरली होती तेवढीत, पाटीवर काढतो तशी सुटी अक्षरं काढली: 'दगड जागेवर नव्हता. मी काढला होता. बाईंनी धाडस केले नाही.' दोनदा वाचलं. कागद घडी करून परत खिशात ठेवला. कार्यालय सकाळी उघडणार होतं. ओट्यावरची तिची बसायची जागा, परसातली पहार, दोन खोल्यांच्या भिंतीला धरून चालण्याची तिची सवय, ह्यांतलं काय नेता येईल आणि काय नाही, याचा विचार करायला त्याला बळच उरलं नव्हतं.

ऊन कलल्यावर बायको ओट्यावरून उठली. रोजच्यासारखी, पाय घासत, गुणगुणत. *पाण्याला आधी वाट...* चाळीस पावलं ती न चुकता आली. दगडापाशी थांबली. समोर गवत, फांद्या, पालापाचोळा. तिने एक हात पुढे केला, एक फांदी चाचपली आणि सोडून दिली. मग त्याच्याकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघतात तसं, अदबीने.

"अहो, इथे वाट होती ना?"

"होती," तो म्हणाला.

ती बराच वेळ दगडाकडे बघत राहिली. एकदम तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. घराकडे, रिकाम्या ओट्याकडे तोंड करून, दुसऱ्याच कुणाच्या मोकळ्या आवाजात ती ओरडली,

"आज नाही हो काका. पुढच्या रविवारी."

आणि ओट्यावर टाळी वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून तिने स्वतःच वाजवली.