पाठमोरी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. रानात आलेल्यांना धबधब्याची दिशा दाखवायची, यासाठी माझा जन्म झाला आणि या व्रतात मी कधीही कसूर केली नाही. उन्हात, पावसात, अगदी खांबाला वाळवी लागली तेव्हासुद्धा माझा बाण अचूक धबधब्याकडेच रोखलेला होता. एवढ्या प्रदीर्घ सेवेत मला वाचून धबधब्यावर गेलेल्या माणसांची एकूण संख्या एक आहे.

मूळची मी दाराची फळी. ते दार मोडलं आणि मी चौकीच्या मागे पडून राहिले. चौकीत वनरक्षक आणि त्यांची बायको राहत. रस्त्यावरून आत येणारी पायवाट चौकीपाशी फुटते. डावा फाटा धबधब्याकडे जातो, उजवा गावाकडे, आणि मधल्या बेचक्यात चौकी. धबधबा तसा कुणाला ठाऊक नव्हता. चुकून कुणी आलंच तर गावातल्या गोठ्यापर्यंत जाऊन, म्हशी बघून परत यायचं. वनरक्षकांच्या ते फार मनाला लागे. शेवटी वरिष्ठांनी पाटी मंजूर केली, मला शोधून काढण्यात आलं आणि बाजारातून एक रंगारी आला.

रंगाऱ्याने मला पांढरा रंग दिला, त्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत 'धबधब्याकडे' असं लिहिलं आणि पिशवीतला पत्र्याचा साचा ठेवून खाली बाण उमटवला. वनरक्षक बराच वेळ बघत राहिले.

"धबधबा डावीकडे आहे," ते म्हणाले.

"बाण उजवीकडेच असतो," रंगारी म्हणाला. "अख्ख्या बाजारात माझेच बाण आहेत. आजवर एकाची तक्रार नाही."

"हा पुसा आणि दुसरा काढा."

"पुसलं की पुसल्याचं दिसतं. सरकारी पाटीवर खाडाखोड चालते का? तुम्हीच सांगा."

इथे वनरक्षकांचा नाइलाज झाला. मग मला उलटं धरून पाहिलं. बाण डावीकडे वळला, पण अक्षरं डोक्यावर उभी राहिली. मग रंगारी फाट्यावर रोवलेल्या खांबाभोवती एक फेरी मारून आला आणि चेहरा उजळून म्हणाला, "हिचं तोंड मागे करून ठोका. बाण बरोब्बर धबधब्याकडे जातो."

जातच होता. घाईघाईने मला ठोकण्यात आलं.

"आणि रस्त्याने येणाऱ्यानं वाचायचं कसं?" दारातून वनरक्षकांची बायको म्हणाली.

"येताना नाही तर परतताना वाचतील, वहिनी."

"तो पत्रा पालथा घालून रंग लावला असता तर?"

रंगाऱ्याने साचा हातात फिरवून पाहिला. वनरक्षकांनीही पाहिला. मग रंगारी म्हणाला, "आता खिळे बसले," आणि दोघं चहा प्यायला आत गेले.

तेव्हापासून माझी पाठ जगाकडे आणि तोंड चौकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. त्या खिडकीत वहिनी भांडी घासायच्या. म्हणजे बघा, मित्रांनो, ज्यांच्यासाठी मी होते त्यांना मी कधी दिसले नाही, आणि जी बाई कुठेच निघालेली नव्हती तिला मी दिवसातून दोनदा धबधब्याकडे जायला सांगत होते.

माझी पाठ मात्र कोरी राहिली नाही. एका प्रेमी जोडप्याने तिच्यावर बदाम कोरला आणि त्यातून आरपार गेलेला बाण कोरला. हाही बाण उजवीकडेच होता. त्यामुळे पूर्वी अंदाजाने गोठ्यावर जाणारे लोक आता खात्रीने जाऊ लागले.

माझं कौतुक एकदाच झालं. एक मोठे साहेब वनरक्षकांबरोबर धबधबा पाहून परतत होते. मला वाचून ते थांबले आणि म्हणाले, "अक्षर छान आहे." मी पुढे कितीतरी दिवस त्यावर काढले.

पण खरं सांगू? मला एकच गोष्ट हवी होती. मला तो धबधबा एकदा बघायचा होता. पावसाळ्यात त्याचा आवाज यायचा. आधी वाटायचं, लांबवर कुणीतरी धान्य ओततंय. मग वारा फिरला की तो आवाज अगदी जवळ यायचा, पांढरा रंग ओलसर व्हायचा, आणि खिडकीत वहिनींचा हात घासणीसकट थांबायचा. मी ज्याचं नाव तोंडावर घेऊन उभी होते तो कसा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. वहिनींनाही नव्हतं. लग्न होऊन त्या चौकीवर आल्या, त्या आल्याच.

"अहो, मला एकदा दाखवा ना तुमचा धबधबा," त्या म्हणायच्या.

"पाऊस ओसरू दे. शेवाळं आहे, पाय घसरतो."

पाऊस ओसरायचा.

"आता काय बघणार? धार बारीक झाली. पुढच्या वर्षी भर पाण्यात नेतो."

"मी माझी जाऊन येऊ?"

"एकटी कशाला? मी आहे ना."

माणूस वाईट नव्हता. साहेब आले, साहेबांचे मेहुणे आले, मेहुण्यांचे मित्र आले, सगळ्यांना त्यांनी हाताला धरून नेलं. घरचं माणूस काय, कधीही बघेल, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. शिवाय परत आल्यावर जेवताना ते सगळं सांगायचेच. "आज काय पडत होता. समोर उभं राहिलं की छाती दडपते." त्यामुळे धबधबा वहिनींच्या डोक्यात दरवर्षी थोडा थोडा उंच होत गेला. आणि दरवर्षी त्यांचे गुडघे थोडे थोडे कुरकुरायला लागले.

असं करता करता वनरक्षक निवृत्त झाले. सामानाची बोचकी बांधली गेली. शेवटच्या दिवशी ते टेम्पो ठरवायला रस्त्यावर गेले. वहिनींनी उरलेलं एक पातेलं घासलं आणि पालथं घातलं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. वारा फिरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला वाचलं, हात पदराला पुसले आणि बाहेर आल्या.

खांबाला टेकून त्यांनी गुडघा चोळला. खांबात वाळवीशिवाय काही उरलं नव्हतं. मी खिळ्यांसकट त्यांच्या हातात आले. त्यांनी मला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं.

"चल," त्या म्हणाल्या.

मला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या काखेत बसून डाव्या फाट्याने निघाले. झाडं दाट होत गेली, पायवाट अरुंद होत गेली, वहिनी दगडावर बसत, उठत, चालत राहिल्या. आवाज वाढत गेला. आता आलाच, असं वाटत असताना एक ओहोळ आडवा आला. पलीकडे मोठा काळा खडक, आणि त्याच्या वळणामागे धबधबा. वहिनींनी मला ओहोळावर आडवं टाकलं. गुळगुळीत रंगावरून पाय घसरेल म्हणून बदामाची बाजू वर केली आणि तोंड खाली. मग त्या माझ्यावरून पलीकडे गेल्या, खडकामागे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मला फक्त आवाज येत होता.

थोड्या वेळाने वनरक्षक धापा टाकत आले. "अगं, पाटी कुठंय? जमा करायची आहे," असं ओरडतच आले, मला ओलांडून गेले आणि वळणापाशी त्यांचा आवाज उतरला.

"बघितलास?"

"बघितला."

"कसा आहे?"

"लहान आहे हो."

"लहानच आहे. मी कधी मोठा म्हटलं?"

"रोज जेवताना."

ते म्हणाले, "निघू या? टेम्पोवाला खोळंबलाय."

"खोळंबू दे. बसा जरा. तुम्ही तरी कधी बसून बघितलाय? सदा मेहुण्यांची छत्री धरून उभे."

ते बसले असावेत. मग वहिनींचा आवाज आला, "आधी आणायचं होतंत. दोघं पाण्यात उतरलो असतो." त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

परतताना वनरक्षक मला उचलायला वाकले.

"राहू दे तिला," वहिनी म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडतेय."

आता म्हणे नव्या खांबावर पत्र्याची नवी पाटी आहे. बाण बरोबर आहे, तोंडही बरोबर आहे. लोक येतात, माझ्या पाठीवर पाय देऊन पलीकडे जातात, खडकामागे आनंदाने ओरडतात. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरात कुणाला 'पुढच्या वर्षी नक्की' असं सांगून ठेवलं असेल, तर याच वर्षी न्या. गुडघे थांबत नाहीत. आणि जमलं तर मलाही एकदा त्या खडकापलीकडे न्या. पण मला उचललंत तर तुम्ही ओहोळ कसा ओलांडणार, हाही प्रश्न आहेच.

मी तशी अगदी कोरडी राहिलेली नाही. माझ्या तोंडाखालून वाहतं ते पाणी त्याच धबधब्याचं आहे. मला दिसतं ते पडून झालेलं.

उन्हाळ्यात तेही नसतं.