बंदराच्या तोंडाशी

"नीट आवळ. गर्दीत बूट निघाला तर पायाचा भुगा होईल."

"होऊ दे," मी म्हटलं आणि बाबाच्या घोट्याभोवती चिकटपट्टी करकचून ओढली. "ॲबर्डीनला तुझं काम बसूनच आहे ना."

तो हसला. मला हसायचं नव्हतं. बाहेर दुकानदार काचांवर फळ्या ठोकत होते. सकाळपासून तीच ठकठक, डोकं उठलेलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्या गावाचे दोन तुकडे होतात, वरचे आणि खालचे. बाप वरचा तर पोरगं वरचं, बाप खालचा तर खालचं. कॉर्कचा भुसा भरलेला एक चामडी चेंडू. आम्ही खालचे तो बंदरात बुडवायला बघतो, वरचे गावाच्या टोकाच्या भिंतीला लावायला. टीव्हीवरचा फुटबॉल असल्याच जुन्या खेळांतून आला, असं शाळेत सांगायचे, मी जायचे तेव्हा. त्याला वाटेत कुठेतरी पंच आणि शिट्टी चिकटली. आमच्याकडे दोन्ही नाहीत.

जिंकलेला चेंडू एकालाच मिळतो, कायमचा. ज्यानं वर्षानुवर्षं रेटलं, त्याचं नाव त्याचीच माणसं ओरडतात. यंदा खालचे जिंकले तर नाव माझ्या बापाचं, एरलेंड आयस्बिस्टरचं. सगळं गाव बोलत होतं. मासळीचा कारखाना बंद पडला, फेब्रुवारीत आम्ही बेट सोडून ॲबर्डीनला जाणार. यंदा नाही तर कधीच नाही.

दुपारी चेंडू गर्दीत पडला आणि दिसेनासा झाला. दिसत होती नुसती डोकी आणि त्यांच्यावरची वाफ. मी कठड्यावर चढून घसा फोडत होते. आमच्या शेजारचा म्हातारा, पक्का वरचा, खालून म्हणाला, "इंगा, उतर. पडलीस तर तुलाच बुडवतील चेंडू समजून."

"तुम्ही भिंत सांभाळा, आजोबा. आज तिच्याकडे कुणी फिरकणार नाही."

अंधार पडता पडता आमच्यांनी अख्खा ढीग बंदराच्या तोंडाशी आणला. अजून एक रेटा, की पाणी. आणि मला बाबाचा आवाज ऐकू आला.

"थांबा. खाली माणूस आहे. थांबा."

असं कुणी म्हटलं की रेटा थांबतो. म्हणणारा कुणीही असो, थांबतो. गर्दी सैल झाली. खालून वरच्यांचा एक दांडगा पोरगा निघाला, लालबुंद. एकदा खोकला आणि उभा राहिला. तेवढ्यात वरच्यांपैकी कुणीतरी चेंडू मागच्या मागे काढला आणि गल्लीतून वर पळवला. तासाभरात भिंतीला लागला.

घरी बाबा चिकटपट्टी कापत बसला होता.

"तो सोंग करत होता," मी म्हटलं.

"असेल."

"असेल काय? मी वरून बघितलं. साधं खरचटलंसुद्धा नव्हतं त्याला."

"तू वर होतीस, इंगा. माझ्या पायाखाली त्याची छाती होती."

"गप्प बसला असतास तर आज चेंडू आपल्या घरात असता."

"असता," तो म्हणाला. मग तोंड धुतलं, धुतलेला शर्ट घातला आणि बाटली घेऊन निघाला. जिंकलेल्याच्या घरी सगळ्यांनी जायचं असतं, हरलेल्यांनी पण.

"मी नाही येणार."

"नको येऊस."

घरात बसवेना. थोड्या वेळानं मी त्या घरासमोर जाऊन उभी राहिले. खिडकीतून दिसलं, आत माणसं ठासून भरलेली, गाणी, धूर. चेंडू हातोहात फिरत होता. बाबाच्या हातात आला. त्यानं तो उलटासुलटा केला, एका शिवणीवरून सावकाश अंगठा फिरवला. बाजूचा माणूस चेंडूसाठी हात पुढे करून उभा होता. बाबानं चेंडूला लागलेली माती बाहीनं पुसली आणि त्याच्या हातात दिला.