टपाखालचं पाणी

लालसाबनं मागच्या सीटची पाठ सोडवली, ती चन्नवीरच्या हातात दिली आणि आतल्या खळग्यात टॉर्च मारून नुसतंच च्च केलं.

"काय झालं?" चन्नवीरनं विचारलं.

"विहीर झालीया अण्णा. बगा की."

चन्नवीरनं वाकून पाहिलं. सीटमागच्या पत्र्याच्या पेटीत पाणी साचलं होतं आणि कोपऱ्यात बसवलेली टपाची मोटार त्यात गळ्यापर्यंत बुडाली होती. गाडीचा कापडी टप डोक्यावर अर्ध्यातच उभा होता. पुढे काचेला टेकत नव्हता, मागे घडी होऊन पेटीत बसत नव्हता. बटण दाबलं की आत कुठेतरी टक् व्हायचं आणि पुढे सगळं गप्प. सकाळी त्याची बायको दानम्मा त्याला फक्त एवढंच म्हणाली होती, "गाडीचा टप उघडा राहिलाय. आभाळ आलंय." कुणी उघडला म्हणून तो विचारेपर्यंत ती स्वयंपाकघरात निघूनही गेली होती.

उघडला असेल मांडवाच्या माणसांपैकी कुणीतरी, फोटो काढायला. चन्नवीरनं मनातल्या मनात चारपाच जणांना शिव्या घालून घेतल्या. अक्कलकोटच्या बाजूनं आभाळ काळं होत चाललं होतं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती खरी, पण शेड तिन्ही बाजूंनी उघडी. वाऱ्याचा पाऊस आला की सरळ आत. आणि चार वाजता मोडनिंबचं गिऱ्हाईक विकलेली गाडी न्यायला येणार होतं.

भवानी पेठेत त्या गाडीला सगळे नवरीची गाडी म्हणत. चन्नवीरचा मांडव-डेकोरेशनचा धंदा. सात वर्षांपूर्वी त्यानं ही उघड्या टपाची गाडी जुन्यात घेतली, तेव्हा लोक हसले होते. मग प्रत्येकाला आपल्या पोरीची वरात तिच्यातूनच काढायची होती. शेवटची वरात ज्येष्ठात निघाली. ती त्याच्या स्वतःच्या लेकीची, राजेश्वरीची. राजी मागच्या सीटवर उंच बसली होती आणि पेठेतल्या बाया माडीवरून अक्षता टाकत होत्या. अडीच महिन्यांनी जेऊरहून, तिच्या सासरहून फोन आला. साधा ताप म्हणून सुरू झालेलं दुखणं पाच दिवसांत पोरीला घेऊन गेलं.

चन्नवीर तेव्हा रडला नाही. तो आवरायला लागला. तेराव्याच्या आत तिची कॉट बहिणीकडे गेली. साड्या मठात दिल्या. भिंतीवरचा कॉलेजातला फोटो उतरवून ट्रंकेत गेला. तिच्या जुन्या चपलासुद्धा त्यानं दारात ठेवल्या नाहीत. डोळ्यांसमोर नसलं की दुखणार नाही, असा त्याचा हिशोब होता आणि तो साफ चुकला होता, पण हे तो कुणापुढे कबूल करणार नव्हता. दानम्मानं कशालाच हरकत घेतली नाही. राहता राहिली होती ती ही गाडी.

"मोटार गेली," लालसाब म्हणाला. "नवी लागंल. आता टप हातानं ओढून बसवतो, कापड ताणून देतो. गिऱ्हाइकाला सांगा सरळ. पन आदी पान्याला वाट करायला पायजे. न्हाईतर नवी मोटारबी अशीच बुडंल."

"वाट म्हंजी?"

"पेटीला दोन कोपऱ्यांत भोकं असत्यात. तितनं पाईप खाली जातो. कचरा बसलाय."

लालसाब साठीचा माणूस. चाळीस वर्षं रिक्षांचे टप आणि गाड्यांची सीटकव्हरं शिवून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. तो सामानाच्या पिशवीत तार शोधू लागला. चन्नवीरला मात्र धीर नव्हता. त्यानं बाह्या वर केल्या आणि हात सरळ पेटीत घातला.

आधी सडलेल्या पाकळ्यांचा लगदा आला. मग चमकीचे तुकडे. मोटारीमागं, जिथं लोकरीचा जाड नमदा अंथरलेला होता, तिथं बोटांना काहीतरी मऊ, उभं लागलं. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर बोटभर उंचीचे पिवळट हिरवे कोंब, दाटीनं उगवलेले.

"आयला! गाडीत गवत उगवलंय की," तो म्हणाला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थोडा हसला.

मुळं नमद्यात रुतून बसली होती. त्यानं नमदा ओढला, तो फाटून हातात आला. उरलेलं त्यानं नखांनी खरवडलं. मांडवाच्या धंद्यात जन्म गेलेला माणूस, शेताशी त्याचा संबंध असला तर जेवणाच्या ताटापुरता. बादली भरली तेव्हा नेमकी घंटागाडी दारात आली होती. त्यानं बादली तिच्यात उपडी केली, वर नळाखाली धरून खळखळून धुतली आणि समाधानानं हात पुसले. लालसाबनं पेटीतलं पाणी फडक्यानं टिपून काढलं होतं आणि तार घालून भोकं मोकळी केली होती.

"एक गोष्ट कळंना अण्णा," तो म्हणाला. "पंधरा दिवस पावसाचा थेंब न्हाय. कालपतोर टप बंद हुता म्हनता. मग ह्ये पानी आलं कुटनं?"

"शेड गळत असंल."

"पत्रा कोरडा हाय. मी बगितला. आनि टप असा मधीच थांबलाय, तो मोटारीनं न्हाय थांबवला. कुनीतरी रोज बटन अर्ध्यात सोडत हुतं. तेनंच मोटार तापली. वर पानी." त्यानं मान हलवली आणि सुटलेला पाईप परत बसवायला पाठीवर झोपून गाडीखाली सरकला.

चन्नवीर पत्र्याकडे बघत उभा राहिला. खरंच कोरडा होता. दोनचा सुमार. या वेळी तो रोज गोदामात असायचा. टप असा मध्येच उभा असल्यामुळे पत्र्याच्या कडेखालून येणारं ऊन बरोबर मागच्या पेटीत पडत होतं, हे त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं. आभाळ भरत होतं तरी उन्हाचा एक पट्टा अजून तिथं होता.

मागच्या दारातून दानम्मा आली. हातात तांब्या होता. चन्नवीरला तहान लागलीच होती, त्यानं हात पुढे केला. तिनं तांब्या दिला नाही. ती गाडीशी गेली, सवयीनं दार उघडून गुडघा सीटवर टेकला आणि पेटीत वाकली. मोटारीमागं तिनं हात फिरवून पाहिला.

"साफ केलंत व्हय," ती म्हणाली.

"व्हय. लई कचरा हुता. गवत वाढलं हुतं आत."

"गवत न्हाय ते." तिचा आवाज इतका खाली होता की त्याला पुढे यावं लागलं. "जोंधळा हुता. आपल्यात अक्षता जोंधळ्याच्याच असत्यात न्हवं? तिच्या अंगावनं सांडल्या, त्या आत पडल्या असतील. तुमी गोदामात गेलात की मी हितं येऊन बसायची. एक दिवस बघितलं तर दोन कोंब. मग चार. मग मी पानी घालायला लागले. अंधारात पिवळे पडत हुते, म्हणून जरा ऊन दावायची. काल टप परत मिटंना."

चन्नवीरच्या नखांत अजून चिखल होता. त्यानं हात पाठीमागे नेले.

"मला सांगायचं न्हाय व्हय?" तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुमी ठेवलं असतं?"

ती चिडून बोलली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, त्याला निदान भांडता आलं असतं. तिनं खरोखरच विचारलं होतं आणि खरं उत्तर दोघांनाही माहीत होतं. कॉट, साड्या, फोटो, चपला. ती प्रत्येक वेळी दारात उभी राहून बघत होती आणि त्याला वाटत होतं, हिलाही हेच हवंय.

"मला वाटलं, वरचं वरचं बघून टप तेवढा बसवतील," ती म्हणाली. "कुटं टाकलं?"

"घंटागाडीत."

तिनं मान हलवली. रस्त्याच्या टोकाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. घंटागाडी केव्हाच पुढच्या पेठेत गेली असणार. मग तिनं तांब्याकडे पाहिलं. भरलेलं पाणी परत नेणं तिच्या जिवावर आलं असावं. ती पुन्हा वाकली आणि रोजच्यासारखी, अगदी हळू धार धरून, तिनं ते त्या रिकाम्या जागेवर ओतलं.

पाणी थांबलं नाही. मोकळ्या झालेल्या भोकातून सरळ खाली गेलं आणि गाडीखालून वाट काढत चन्नवीरच्या पायांशी आलं.

"आलं, आलं!" गाडीखालून लालसाब खुशीत ओरडला. "लाईन एकदम साफ झाली अण्णा! आता थेंब ऱ्हानार न्हाय आत!"

चन्नवीरनं पाय मागे घेतले.

"ऐकलं न्हवं अण्णा? अजून एक तांब्या सोडा की. म्हंजी खात्री होईल."

दानम्मा सीटवर गुडघा टेकून तशीच होती. तांब्या तिच्या हातात तिरका राहिला होता. चन्नवीरनं तो हलकेच काढून घेतला, नळावर जाऊन काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, तिच्यापाशी घेऊन आला.