नको म्हणणाऱ्यांची निवड

दिगंबररावांना झाडांतलं काही कळत नव्हतं. कढीपत्ता कुठला आणि कडुलिंब कुठला, हे पान चुरगळून वास घेतल्यावरच त्यांना कळे, आणि तेव्हाही खात्री नसे. तरी उल्का गेल्यापासून ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसत आणि 'कुंडीतली माती' उघडत.

'कुंडीतली माती' हा उल्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, सुरू केलेला इंटरनेटवरचा मंच. गच्चीत नाहीतर बाल्कनीत झाडं लावणारी पुण्यातली माणसं तिथे जमत. कोणी पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो टाकी, कोणी शेजाऱ्याच्या मांजराचं गाऱ्हाणं मांडी. उल्का सगळ्यांना उत्तरं देई. "पाणी कमी करा आणि त्याला जरा एकटं सोडा," हे तिचं बहुतेक रोगांवरचं औषध. दिगंबरराव आता तिचं एक जुनं उत्तर रोज वाचत. त्याखाली कधीकधी कोणी नवाच माणूस येऊन लिही, "ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं, मोगरा फुलला." त्याला ताई गेल्याचं ठाऊक नसे. दिगंबररावांना ते वाचून वाईटही वाटे आणि बरंही वाटे.

पण सांभाळणारं कोणी नसलं की मंचाचा चव्हाटा होतो. केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिराती सुरू झाल्या. भांडणं सुरू झाली. कढीपत्त्याला ताक घालावं की नाही यावरून तर दोन तट पडले. दिगंबरराव जाहिराती काढून टाकत, पण भांडणात कोणाची बाजू घ्यावी हे त्यांना कळत नसे.

एका शनिवारी त्यांची मुलगी शालू बाणेरहून आली. ती हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती आणि मंचाची यंत्रणा तीच बघायची.

"बाबा, हे सगळं फार जुनं झालंय. पुढच्या रविवारी मी ते नव्या जागी हलवते. पण सांभाळायला दोन मॉडरेटर हवेत. नसतील तर बंद करू."

"आणि आईने लिहिलंय ते?"

"त्याची फाइल काढून देते ना तुम्हाला."

"फाइल काय करायचीय? तिला कोणी प्रश्न विचारणार नसेल तर उत्तरांचं लोणचं घालू?"

शालूने त्यांचा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, "मग माणसं शोधा. नाहीतर तुम्हीच व्हा."

"मी झालो तर महिन्याभरात पुण्यातल्या सगळ्या कुंड्या रिकाम्या होतील."

त्याच दिवशी त्यांनी मंचावर सूचना लावली. दोन मॉडरेटर निवडायचे आहेत, योग्य वाटतील त्यांची नावं सुचवा, रविवारपर्यंत न मिळाल्यास मंच बंद होईल. सूचनेत एक शब्द जास्त नव्हता. टेलिफोन खात्यात तक्रारींच्या खिडकीवर जन्म गेलेला माणूस. लोक सांगत ते लिहून घ्यायचं आणि पावती द्यायची, एवढीच त्यांची बोलायची रीत.

नावं भराभर आली. सगळ्यांत जास्त मतं यज्ञेश्वर सरांना होती. सर नारायण पेठेतले, शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि ताकाच्या पक्क्या विरोधात. त्यांच्या खालोखाल हडपसरच्या मुक्ताबाई. त्यांच्या शेतावर आता इमारती उभ्या होत्या आणि त्यांतल्याच एकीच्या गच्चीवर त्या भोपळ्यापासून भुईमुगापर्यंत सगळं पिकवत. ताकाचा पक्ष त्यांचाच. मग हिंजवडीतला मच्छिंद्र, आणि आणखी चार-पाच जण.

यज्ञेश्वर सरांनी लिहिलं, "माझी पात्रता नाही. अधिक योग्य व्यक्ती शोधावी."

दिगंबररावांनी खाली लिहिलं, "बरं. कळवल्याबद्दल आभार. नाव काढलं आहे."

मुक्ताबाईंनी लिहिलं, "मला न्हाय जमायचं. घरात माणसं लई, कामं लई."

"बरं. नाव काढलं आहे."

मच्छिंद्रने लिहिलं, "ऑफिसमुळे टाइम नसतो सर, सॉरी." त्याचंही नाव निघालं. एकापाठोपाठ एक सगळे नको म्हणाले आणि दिगंबररावांनी एकापाठोपाठ एक सगळ्यांना पावती दिली. गुरुवारी यादीत कोणीच उरलं नाही. आणि नवल म्हणजे त्या दिवसापासून मंचावर कोणी काही लिहीनासं झालं. फोटो नाहीत, भांडणं नाहीत, ताकाचा थेंब नाही. केसांच्या तेलाची जाहिरात तेवढी आली.

दिगंबरराव स्क्रीनकडे बघत बसले. लोकांना नकोच आहे म्हणजे, असं त्यांना वाटलं. उल्का होती म्हणून लोक येत होते. शालूला फोन करून बंद कर म्हणावं, म्हणून त्यांनी फोन उचलला, तेवढ्यात तोच वाजला.

"भाऊ, मी मुक्ताबाई बोलतीय, हडपसरनं. एक इचारू का? माझं काय चुकलं?"

"तुमचं? काही नाही."

"मग नाव का खोडलं?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"मी म्हनले की. पन तुम्ही काय म्हनायचं?"

दिगंबररावांनी विचार केला. "बरं म्हणायचं."

पलीकडे मुक्ताबाईंनी बहुधा कपाळाला हात लावला. "अवो भाऊ, पंगतीत बाई जिलबी घिऊन आली तर मानूस पयल्यांदा काय म्हनतंय? नको म्हनतंय. म्हनून ती जिलबी घिऊन माघारी जाती का? ताई असत्या तर म्हनल्या असत्या, मुक्ताबाई, तुमच्याबिगर कोन हाय? मग मी म्हनले असते, बगते. मग त्या परत म्हनल्या असत्या. मग मी हो म्हनले असते. तुम्ही तर ताटच उचललं."

"म्हणजे तुम्हाला व्हायचं होतं?"

"आता त्ये बी माज्याच तोंडनं वदवून घ्या."

"आणि बाकीचे?"

"समदे फुगून बसल्यात. मास्तर तर लईच. तुमच्या आभाराला काय चाटायचं, म्हनत हुते."

दिगंबररावांनी फोन ठेवला आणि त्यांना एकेक गोष्ट आठवू लागली. घरी पाहुणा जेवायला बसला की उल्का वाढायला उभी राही. पाहुणा ताटावर हात धरी. दिगंबरराव म्हणत, "नको म्हणतोय तो, सोड त्याला." उल्का त्यांच्याकडे न बघताच पोळी वाढी आणि पाहुणा ती खाई. इतकी वर्षं ते समोर बसून बघत होते आणि त्यांना वाटे, लोकांना भूक किती आहे हेच सांगता येत नाही.

त्यांनी शर्ट बदलला आणि रिक्षा केली.

यज्ञेश्वर सरांच्या दारावर पाटी होती, "बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते." दिगंबररावांनी एकदाच वाजवली. सरांनी दार अर्धं उघडलं.

"या. आभार मानायला आलात का? मागचे अजून संपायचेत."

"नाही. विचारायला आलोय. तुम्ही मॉडरेटर व्हा."

"माझी पात्रता नाही, हे मी लेखी कळवलंय. बसा. चहा घेणार?"

"नको."

"बरं," म्हणून सर समोरच्या खुर्चीत बसले.

दिगंबररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सर, मी चहाला नको म्हटलं, तुम्ही बरं म्हणालात."

"मग? तुम्हाला नको होता ना?"

"मला हवा होता. उन्हातून आलोय."

"मग नको कशाला म्हणालात?"

"तुम्ही कशाला म्हणालात?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग आत बघून आवाज दिला, "चहा टाका गं दोन कप." आणि म्हणाले, "हं. चालू ठेवा."

"तुमच्याशिवाय कोण आहे सर? तुम्हीच व्हा."

"हे दुसऱ्यांदा झालं."

"मी तिसऱ्यांदाही म्हणणार आहे."

"मग आत्ताच म्हणून टाका. चहा येईपर्यंत विषय संपलेला बरा."

दिगंबररावांनी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांना घाम फुटला होता. जन्मात कोणाला इतका आग्रह केला नव्हता, लग्नात उल्काला उखाणा घ्यायलासुद्धा एकदाच सांगितलं होतं. सर छताकडे बघत म्हणाले, "पाहतो." हा होकार असतो एवढं दिगंबररावांना आता समजत होतं.

"दुसरं कोण आहे पण?" सरांनी विचारलं.

"मुक्ताबाई."

"ताकवाल्या? मग मी नाही."

दिगंबरराव जवळजवळ 'बरं' म्हणणार होते. शब्द अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला आणि म्हणाले, "सर, त्या एकट्याच असल्या तर सगळ्या पुण्याला ताक पाजतील. अडवायला तुम्ही नकोत का?"

सर पहिल्यांदाच नीट बसले. "हा मुद्दा आहे," ते म्हणाले.

तिथून बस पकडून दिगंबरराव हडपसरला गेले. मुक्ताबाईंनी त्यांना आधी जेवायला बसवलं. दुसऱ्या भाकरीला त्यांनी हात आडवा धरला, तर भाकरी हाताच्या बाजूने ताटात आली. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "मुक्ताबाई, तुमच्याबिगर कोण आहे?"

मुक्ताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मास्तर हाय का संगं?"

"आहेत. तुम्हाला अडवायलाच तयार झालेत."

"मग ऱ्हाते मी. एकटीला भांडायला कोन मिळनार?"

रविवारी शालूने सगळं नव्या जागी हलवलं. सकाळी बसली ती जेवायच्या वेळेपर्यंत उठली नाही. मग म्हणाली, "बघा बाबा." उल्काची सगळी उत्तरं जागच्या जागी होती. त्यांच्याखाली लोकांचे मोगरे, लोकांचे उंदीर, लोकांची गाऱ्हाणी. मच्छिंद्रनेही पहिल्याच मिनिटात वाळक्या तुळशीचा फोटो टाकला होता. त्याला तर एकदाच फोन करावा लागला. "हो सर, गरज पडली की मदतीला मी आहेच," तो म्हणाला होता.

दिगंबररावांनी सावकाश टाइप करत लिहिलं, "सर्वांचे आभार. यज्ञेश्वर सर आणि मुक्ताबाई आजपासून मंच सांभाळतील. उल्का असती तर तिला आनंद झाला असता." दोनदा वाचलं आणि पाठवलं. मग ते हात धुवायला गेले.

परत येऊन पाहतात तर त्यांचं लिखाण गायब. त्या जागी दोन ओळी होत्या. पहिली सरांची: "वरील मजकुरात झाड, माती, खत यांपैकी काहीही नसल्याने तो काढला आहे. लेखकाने वाईट वाटून घेऊ नये." त्याखाली मुक्ताबाईंची: "मास्तरांनी काडलं त्ये बरूबर हाय. भाऊ, तुमच्या गच्चीत काय लावलंय त्ये आधी टाका, मंग आभार माना."

दिगंबरराव हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि शालू स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावली.

"काय झालं बाबा?"

"मला हाकललं," ते डोळे पुसत म्हणाले. "तुझ्या आईनेही असंच केलं असतं. चल वर, गच्चीत काय काय उरलंय ते बघू. फोन घे, फोटो काढायचाय."