निंबवाडी खुर्दच्या चौदा शेळ्या

लातूर जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. उस्मानाबादहून ट्रकभर फायली आल्या होत्या आणि भाड्याच्या एका इमारतीत भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. कपाटं अजून यायची होती. मन्मथ उळागड्डे त्या फायलींबरोबरच बदली होऊन आला. वय अठ्ठावीस, काम आकडेवारीचं. नव्या जिल्ह्याचं पहिलं समालोचन तयार करायची जबाबदारी त्याच्यावर पडली होती. जिल्ह्यात गावं किती, माणसं किती, पाऊस किती, पक्का रस्ता कुठवर, विहिरी किती, असे तक्ते मांडायचे आणि प्रत्येक तालुक्याची ओळख चार पानांत लिहायची.

मन्मथला हे काम आवडायचं. तो उदगीरच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा. लहानपणी दुकानात बसून तो येणाऱ्या गिऱ्हाइकाला गाव विचारायचा आणि ते गाव कुठल्या वाटेवर आहे ते मनात लावून ठेवायचा. आता सगळा जिल्हाच टेबलावर आला होता.

निलंगा तालुक्याचे तक्ते करताना एका गावाशी तो अडला. शिरूर अनंतपाळ तेव्हा निलंग्यातच होतं. त्याच्या पलीकडे निंबवाडी खुर्द नावाचं गाव. लोकसंख्या शून्य, शेरा बेचिराख. माणसं उठून गेलेल्या गावाला महसुलाच्या दप्तरात निजामाच्या काळापासून हाच शब्द आहे. अशी गावं तालुक्यात आणखीही होती, त्यात नवल नव्हतं. पण जनावरांच्या गणनेच्या तक्त्यात त्याच निंबवाडी खुर्दसमोर लिहिलं होतं, शेळ्या चौदा.

त्यानं दोन्ही तक्ते घेऊन शेषेराव साहेबांचं टेबल गाठलं. शेषेराव त्याचे वरिष्ठ, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला, शांत बोलणारा माणूस.

"शेजारच्या गावचा आकडा खालच्या ओळीत पडला असंल," शेषेराव म्हणाले. "शून्य कर आन् पुढं चल. छपाईची तारीख जवळ आली."

"एकदा जाऊन बघून येऊ का साहेब?"

"चौदा शेळ्यांसाठी?"

मन्मथ तक्ते हातात धरून तिथंच उभा राहिला. शेषेरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "रविवारी जा. कचेरीचा दिवस घालवू नको."

शिरूर अनंतपाळपर्यंत एसटी होती. तिथून एका ओळखीच्या मास्तरांची सायकल घेऊन तो निघाला. चैत्र चालू होता. आदल्या वर्षी मृगात दोन दिवस पाऊस पडला होता आणि मग जो गेला तो फिरकलाच नव्हता. रानात ज्वारीची खोडकंसुद्धा उरली नव्हती, जनावरांनी मुळापर्यंत खाल्ली होती. वाटेत दोन गावं लागली. दुसऱ्या गावात टँकर आला होता आणि त्याच्याभोवती घागरी-कळश्यांची दाटी झाली होती. पुढची वाट विचारली तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "निंबवाडीला काय करायला निघालाव तुमी? तिथं कुणी न्हाई. तिघं हायेत फकत."

तिघं हायेत आणि कुणी न्हाई, ही दोन्ही वाक्यं तो एका दमात बोलला. मन्मथ सायकलवर बसून पुढचा कोसभर त्याचाच विचार करत राहिला.

गाव म्हणजे चाळीसेक घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती होत्या. छपरांची लाकडं लोकांनी जाताना काढून नेली होती. मारुतीचं देऊळ शाबूत होतं. दोन घरांवर मात्र पत्रे होते आणि त्यांतल्या एकाच्या दारात शेण ताजं सारवलेलं दिसत होतं. दारात माणूस नव्हतं. ओढ्याकडून आवाज आला म्हणून तो तिकडं गेला. ओढ्याच्या वाळूत कमरेइतका खड्डा खणलेला होता आणि खाली उतरून एक बाई वाटीनं पाणी घागरीत भरत होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाचा करंडा. बाई लिंगायत होती, मन्मथच्याच समाजाची. त्यानं सवयीनं हात जोडले.

"शरणार्थ."

बाईनं वर पाहिलं. वाटी हातात तशीच राहिली. "शरणार्थ," ती म्हणाली. "कोणत्या गावचे? कुणाचे?"

"उदगीरच्या गुंडप्पा उळागड्डेंचा मुलगा. सरकारी कामाला आलोय."

"मी गौरम्मा," ती म्हणाली. मग ओढ्याच्या काठाकडं तोंड करून हाक मारली, "अक्का, माणूस आलाय बघ."

काठावरच्या बाभळीखालून दुसरी बाई उठली. ही कोंडाबाई. पन्नाशी उलटलेली, उंच, डोक्यावर घागरीसाठी चुंबळ. तिच्यामागून तिचा दीर ग्यानोबा आला, डावा पाय ओढत आणि काठीनं शेळ्या पुढं काढत. मन्मथनं शेळ्या मोजल्या. करडं धरून सोळा भरल्या.

घरी गेल्यावर कोंडाबाईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. ते वाटीवाटीनं भरलेलं पाणी आहे हे त्यानं आत्ताच पाहिलं होतं. त्यानं दोन घोट घेतले आणि तांब्या खाली ठेवला.

"पी की," कोंडाबाई म्हणाली. "दिलेलं पाणी आमी परत घेत न्हाई."

तो सगळं पाणी प्याला.

मग हळूहळू गोष्ट कळली. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली आणि गाव रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलं. तिथून कुणी लातूरला, कुणी सोलापूरला, कुणी पार पुण्याला गेलं. पाऊस आल्यावर सात-आठ घरं परतली, तीही पुढं एकेक करत उठली. कोंडाबाईचा नवरा खडीच्या कामावरच तापानं गेला. मुलगा सोलापूरला गिरणीत लागला. ती दोन वर्षं त्याच्याकडं राहिली आणि परत आली. इथं पाच एकर रान होतं, एकटा दीर होता. गौरम्माला मूल नव्हतं. तिच्या नवऱ्याचं, गुरुबसप्पाचं गावात दुकान होतं. त्याला त्यांच्याच शेतात पुरलं होतं आणि ती रोज सकाळी त्या समाधीवर बेलाचं पान ठेवायची. माहेरी बिदरकडं जायचं तर ते पान कोण ठेवणार, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"शिरगणतीच्या वेळी कुणी आलं नव्हतं का?" मन्मथनं विचारलं.

"आलं असंल," ग्यानोबा म्हणाला. "तवा माजा पाय मोडलेला. उदगीरच्या दवाखान्यात तीन आठवडे होतो. ह्या दोघी माज्यासंगं. शेळ्या भैनीकडं ठिवलेल्या. घराला कुलूप. त्या माणसाचा काय दोष?"

"आता जिल्हा लातूर झालाय, माहीत आहे ना?"

ग्यानोबा हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. "मी जलमलो तवा बिदर जिल्हा होता. मग उस्मानाबाद झाला. आता लातूर म्हणालाव. मी हितंच हाय. जिल्हेच हलालेत."

कोंडाबाई मात्र हसली नाही. "टँकर शेजारच्या गावाला येतो," ती म्हणाली. "म्या डायवरला इचारलं, आमच्याकडं दोन कोस पुढं का येत न्हाईस? तो म्हणला, बाई, यादीत तुजं गाव न्हाई. म्या तहसीलला गेले. तिथल्या बाबूनं वही काढली आन् मला दाखिवली. म्हणला, हे बघ, हितं माणूस न्हाई. म्या त्याच्यासमोर उभी होते."

"मग काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणू? मला वाचता येत न्हाई. लिवलंय म्हणल्यावर लिवलं असंल."

मन्मथ दिवसभर तिथं राहिला. ओढ्यातला झरा आता दिवसाला सहा घागरी देत होता, मागच्या महिन्यात दहा द्यायचा. दोन घागरी माणसांना, चार शेळ्यांना. वैशाखात तो आटणार हे ग्यानोबा अगदी साधेपणानं सांगत होता, उद्या बाजार आहे असं सांगावं तसं.

सोमवारी त्यानं शेषेरावांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "वाईट हाय. पण लोकसंख्येचा आकडा आपला न्हाई, शिरगणतीचा हाय. तो छापून आलाय. तू तीन लिहिलेस तर तालुक्याची बेरीज चुकंल, मग जिल्ह्याची चुकंल. पुढच्या शिरगणतीपर्यंत थांबावं लागतं."

"एक्याण्णवपर्यंत?"

"हाव."

"साहेब, माणसांचा आकडा राहू द्या," मन्मथ म्हणाला. वरिष्ठांशी तो असं कधी बोलला नव्हता. "पण शेळ्यांचा आकडाही छापूनच आलाय. चौदा. त्या मी पाहिल्या. त्यांना पाणी लागतं हे तर आपण नाकारू शकत नाही. आणि त्यांना पाणी कोण पाजतं, असं कुणी विचारलंच, तर मी सांगेन."

शेषेरावांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, "टंचाईची बैठक गुरुवारी हाय. तू बोलू नको. तुज्या नोकरीला अजून तीस वर्षं हायेत. मी बोलतो."

गुरुवारच्या बैठकीत शेषेराव उभे राहिले तेव्हा मन्मथ मागच्या खुर्चीवर फायली मांडीवर घेऊन बसला होता. शेषेरावांनी तक्ता वाचून दाखवला आणि निंबवाडी खुर्दच्या जनावरांसाठी पाण्याची तरतूद व्हावी एवढंच म्हटलं. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "बेचिराख गावात जनावरं कशी?" शेषेराव म्हणाले, "तेच मीबी विचारलं साहेब. आमचा माणूस जाऊन आला. तिथं तिघंजण राहतात. पण त्यांच्यासाठी मागत न्हाई, नियमात बसत न्हाई ते. शेळ्यांसाठी मागतो."

खोलीत थोडा हशा पिकला. मग तो विरला. यादीत शेवटी हातानं एक ओळ वाढली, आठवड्यातून एकदा, जनावरांकरिता.

पहिला टँकर गेला त्या दिवशी मन्मथनं रजा टाकली. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. टँकरनं सगळं पाणी जुन्या विहिरीत सोडलं. अकरा वर्षं कोरड्या पडलेल्या दगडांवर पाणी आदळलं आणि आतून दोन पारवे फडफडत बाहेर आले. गौरम्मानं काठावर हळदकुंकू वाहिलं. कोंडाबाईनं पोहरा सोडला, भरून वर घेतला आणि घागरीकडं वळवला. ग्यानोबानं काठी आडवी धरली.

"वहिनी, आदी त्यांना."

"कुणाला?"

"शेळ्यांना. त्यांच्या नावानं आलंय."

तो थट्टा करत नव्हता. कोंडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग पोहरा दगडी डोणीत रिकामा केला. शेळ्या धावत आल्या. त्यांचं पिऊन होईपर्यंत तिघंही उभी राहिली, आणि मन्मथही. मग माणसांच्या घागरी भरल्या.

झरा वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात आटला. टँकर पाऊस येईपर्यंत चालू राहिला.

समालोचन दिवाळीच्या सुमाराला छापून आलं. लोकसंख्येच्या तक्त्यात निंबवाडी खुर्दसमोर शून्यच होतं, पण त्यावर एक फुली होती आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ओळ होती, 'प्रत्यक्ष पाहणीत तीन व्यक्ती वास्तव्यास आढळल्या.' ही ओळ शेषेरावांनी स्वतः घातली होती आणि बेरजेला धक्का लागत नाही असं दोन ठिकाणी पटवून दिलं होतं.

एक प्रत पिशवीत घालून मन्मथ पुन्हा गेला. ओढ्याला पाणी होतं, कडेला ज्वारी गुडघ्याइतकी आली होती. दारात कोंडाबाई एकटीच तूर निवडत बसली होती. तिनं त्याला ओळखलं, बसायला घोंगडी टाकली.

"ग्यानोबा शेळ्या घेऊन गेलाय का?"

"गेला," ती म्हणाली. मग त्याला समजलं नाही असं पाहून म्हणाली, "भादव्यात गेला. छातीत दुखालंय म्हणला आन् बाजंवर बसला, तसाच."

मन्मथला पुस्तक पिशवीतून काढावंसं वाटेना. पण तिनंच विचारलं, पिशवीत काय आहे म्हणून. त्यानं पान उघडून ती ओळ वाचून दाखवली. वाचताना 'तीन'पाशी थांबला.

"चुकलं आता हे," तो म्हणाला. "छापून आलं तोवर चुकलं."

"चुकलं कसं? तो होता तवा लिवलंस न्हवं तू?" कोंडाबाईनं पुस्तक हातात घेतलं, ती ओळ कुठली ते बोटानं विचारून घेतलं आणि बोट तिथंच ठेवलं. "ह्यात तो हाय?"

"आहे."

"मग राहू दे."

गौरम्मा शेतावरून आली. तिघांनी ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या शेंगांचं कालवण खाल्लं. बोलता बोलता कळलं की ग्यानोबाच्या दहाव्यानंतर मुलगा सोलापूरला न्यायला आला होता आणि कोंडाबाई गेलीही होती, शिरूरच्या स्टँडपर्यंत. मुलगा तिकिटं काढायला खिडकीपाशी गेला तेव्हा तिनं गाठोडं उचललं आणि परतीची वाट धरली.

"मुलगा रागावला असेल," मन्मथ म्हणाला.

"रागावला. मग मागून सायकलवर आला आन् गाठोडं घरापत्तर आणून दिलं." तिनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "गौरम्मा एकलीच राहिली असती हितं. एकल्या बाईला गाव कोण म्हणंल? दोघी असल्या की बोलणं तर होतं."

गौरम्मा भाकरी मोडत म्हणाली, "बोलणं कसलं अक्का, सकाळपासनं भांडण हाय आपलं. शेळ्या माज्या रानात सोडल्यास तू."

"तुज्या रानात काय हाय खायला?"

"माजं पावटं हायेत."

मन्मथ उठला तेव्हा उन्हं कलली होती. शेवटची एसटी साडेपाचला होती. वेशीपर्यंत आला तरी त्या दोघींचं पावट्यावरून चाललेलं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं, कारण गावात मध्ये दुसरा आवाजच नव्हता.