बाकामागची डेझी

ऑफिसच्या हिरवळीवर आपोआप उगवणाऱ्या डेझी या पांढऱ्या रानफुलाशी माळीकाकांचं सव्वीस वर्षांचं हाडवैर होतं. आज खुरप्यानं उपटावी, तर चार दिवसांत निर्लज्ज पाहुण्यासारखी पुन्हा हजर! साहेबांना हिरवळ गालिच्यासारखी लागायची. एक पांढरा ठिपका दिसला की काकांना बोलावणं आलंच.

एका दुपारी कॅंटीनच्या बाईंनी त्यांच्यापुढे सॅलडची वाटी ठेवली. कोवळी पानं, वर पांढऱ्या पाकळ्या आणि व्हिनेगरात मुरवलेल्या आंबटखारट कळ्या. काकांनी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि विचारलं, "कसली भाजी हो ही?"

"तुमची डेझीच की! बाकामागची. तिथं औषध मारत नाही, असं तुम्हीच नव्हता का म्हणालात?"

काकांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. सव्वीस वर्षं जिला शिव्या घातल्या, तीच मिटक्या मारत खाल्ली होती!

सोमवारी बाई टोपली घेऊन गेल्या, तर बाकामागे पाटी : 'तणनाशक फवारले आहे. पाय ठेवू नये.' त्या तरातरा काकांकडे आल्या.

"एवढा कसला राग हो? सगळी मारून टाकलीत?"

काका कात्रीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "पाटी साहेबांसाठी आहे. औषध कोण मारतंय? फक्त कळ्या उमलायच्या आत तोडत जा. तुमची बरणी भरेल आणि माझी नोकरी टिकेल."